नवा टायर पुढे

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या त्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये दोनशेच्या वर गाड्या उभ्या असत, आणि त्यातल्या निदान दीडशे गाड्यांच्या टायरांना जगन्नाथ औटींनी पहिल्या पंधरवड्यातच टाच मारून पाहिली होती. टाच मारायची, कान द्यायचा, पुढे जायचं. टण्ण वाजला तर हवा ठीक, भद्द वाजला तर कमी. एस.टी.च्या नगर वर्कशॉपात टायर सेक्शनला चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढ्यासाठी मीटर लागत नाही. पण परक्याच्या गाडीला पाय लावणाऱ्या म्हाताऱ्याला अमेरिकेत कुणी जाणकार म्हणत नाही. एका बाईनं ऑफिसात तक्रार केली, ऑफिसनं शंतनूला फोन केला आणि शंतनूनं संध्याकाळी ताटाकडे बघत वडिलांना सांगितलं की बाबा, इथे असं करत नाहीत.

'इथे असं करत नाहीत' हे वाक्य औटींनी आल्यापासून इतक्यांदा ऐकलं होतं की आता वाक्य पुरं व्हायच्या आधीच ते मान डोलवायचे. गॅलरीत टॉवेल वाळत घालत नाहीत. शेजाऱ्याच्या पोराच्या गालाला हात लावत नाहीत. दोन हजार सातच्या ऑक्टोबरअखेरीस ते आणि शोभाताई सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. शोभाताईंना स्वयंपाकघर मिळालं, म्हणजे सत्ता मिळाली. औटींच्या वाट्याला सहा वर्षांच्या शिवांगीला सकाळी शाळेच्या बसपर्यंत पोचवणं आणि कचऱ्याच्या पिशव्या खाली नेणं ही दोन खाती आली. ज्या माणसाच्या सहीशिवाय एके काळी विभागातली एकही बस घाट चढत नव्हती, तो आता पिशवीत काच आहे की प्लास्टिक हे सुनेला विचारून घेत होता.

सहीचं म्हणाल तर ती उगाच मोठेपणाची गोष्ट नव्हती. पारनेर तालुक्यातला हा माणूस सदुसष्ट साली हेल्पर म्हणून लागला आणि टायर सेक्शनचा चार्जमन होऊन निवृत्त झाला. एकाहत्तर साली घाटात एका बसचा पुढचा टायर फुटला. रिमोल्ड केलेला, म्हणजे झिजलेल्यावर नवी साल चढवलेला टायर होता, उन्हात तापून ती वरची साल सुटली. गाडी खाली गेली आणि अकरा माणसं मेली. औटी ते चाक आणायला गेलेल्या टोळीत होते. परत आल्यावर त्यांनी सेक्शनच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं ऑइलपेंटमध्ये लिहिलं, 'नवा टायर पुढे, रिमोल्ड मागे'. बसला मागे चार टायर असतात, एक गेला तरी तिघं सांभाळून घेतात. पुढे मात्र दोनच, आणि एक फुटला की स्टेअरिंग ड्रायव्हरचं राहत नाही. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत त्यांच्या सेक्शनमधून गेलेल्या टायरानं एकही माणूस मेला नाही, असं ते सांगत, आणि ते खरं होतं.

त्यांच्यासमोर कुणी तोंड उघडत नसे, हेही तितकंच खरं. मोरेश्वर नावाचा एक फिटर होता, हातानं हुशार. तो एकदा म्हणाला की साहेबांची जीप हलकी आहे, पावसात तिची मागची बाजू घसरते, चांगली जोडी मागं टाकून बघू या. औटींनी भिंतीकडे बोट दाखवलं. मोरेश्वरनं दुसऱ्या दिवशी तोच मुद्दा पुन्हा काढला, तर महिन्याभरात त्याची बदली शेवगाव डेपोला झाली. घरातही तीच शिस्त. शंतनू अभ्यासात पहिला, इंजिनियर झाला, न्यूयॉर्कच्या बँकेत कॉम्प्युटरवर बसला, पण वडिलांचं वाक्य खोडायला काही कधी शिकला नाही. त्याला ते कुणी शिकवलंच नव्हतं.

तर नोव्हेंबरात विंटर टायरचा विषय निघाला. शंतनू प्रिन्स्टन जंक्शनवरून ट्रेननं जायचा, त्याला गाडी फक्त स्टेशनपर्यंत लागे. खरा प्रश्न आश्लेषाचा होता. ती एका लॅबमध्ये रिसर्च करत होती, आणि लॅब टेकडीपलीकडे, वळणांच्या रस्त्यावर. तिच्याकडे जुनी निळी गाडी, टायर चार वर्षांचे. आदल्या हिवाळ्यात ती दोनदा घसरता घसरता वाचली होती. लॅबमधल्या कुणीतरी तिला सांगितलं की बर्फासाठी वेगळे टायर मिळतात, चारही बदलून घे. शंतनूचं म्हणणं, न्यू जर्सीत एवढा बर्फ पडतो कुठे, इथले सगळे लोक बारमाही ऑल-सीझन टायरांवर वर्षं काढतात. घराच्या डाऊन पेमेंटसाठी पैसे साठवणं चाललं होतं, त्यामुळे त्याचा सूर जरा चढाच होता.

औटी इतका वेळ शिवांगीच्या वहीला कव्हर घालत बसले होते. ते म्हणाले, आश्लेषाचं बरोबर आहे. थंडीत रबर कडक होतं, कडक रबर रस्ता धरत नाही, आणि तिच्या गाडीच्या टायरांची नक्षी तर पार गेलीय, मी बघितलंय. दोघंही त्यांच्याकडे बघायला लागले. अमेरिकेत आल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य होतं ज्यावर कुणी 'इथे असं' म्हणालं नाही. आश्लेषा तर चक्क खुर्ची ओढून जवळ बसली आणि आणखी विचारायला लागली. औटींनी तिला नक्षी म्हणजे काय, ती पाणी कशी बाहेर टाकते, रबराचं वय कसं ओळखायचं, सगळं सांगितलं. शोभाताईंनी तीनदा हाक मारेपर्यंत जेवण निवत होतं.

चार नवे टायर घ्यायचे तसे राहूनच गेले, कारण मधेच दोन फुकट चालून आले. मराठी मंडळाच्या ईमेल यादीवर श्रीरंग नावाच्या एका माणसाचा निरोप आला. तो बायकापोरांसह पुण्याला परत चालला होता आणि घरातल्या उरल्यासुरल्या वस्तू वाटून टाकत होता. राइस कुकर, पाळणा, आणि दोन विंटर टायर, डिस्कसकट, म्हणजे आतल्या लोखंडी चाकांसकट, एकच हिवाळा वापरलेले. चारांपैकी बाकीचे दोन कुठल्याशा खड्ड्यात कामी आले होते. गाडी आश्लेषाच्याच मॉडेलची. शंतनू पिस्कॅटवेला जाऊन ते घेऊन आला आणि सगळ्यांचा प्रश्न सुटला.

औटींनी ते टायर मांडीवर घेऊन पाहिले. असलं रबर त्यांनी कधी हाताळलं नव्हतं. अंगठा दाबला की मऊ लागायचं, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीनं चिरल्यासारख्या बारीक रेघा. ते बराच वेळ त्या रेघांवरून नख फिरवत राहिले आणि शोभाताईंना म्हणाले की ज्यानं हे बनवलं त्याला टायर कळतो. त्या माणसाला भेटावं असं त्यांना मनापासून वाटलं.

शनिवारी ते शंतनूबरोबर टायरच्या दुकानात गेले. तिथला मेकॅनिक साधारण त्यांच्याच वयाचा, केस पांढरे, आणि नखांच्या कडेला धुऊनही न गेलेली तीच काळी रेघ जी औटींच्या नखांना तीस वर्षं होती. औटींना तो माणूस पाहताक्षणी आवडला. त्यानं टायर गोल फिरवून पाहिले, हवा भरली, चांगले आहेत म्हणाला, आणि मग शंतनूला सांगितलं की खरं तर चार हवेत. दोनच लावायचे असतील तर मागच्या चाकांना लावतो.

शंतनूनं ते मराठीत सांगितलं. औटी हसले. म्हणाले, त्याला सांग, इंजिन पुढं, स्टेअरिंग पुढं, ओढणारी चाकं पुढं. मग नवे मागं लावून काय पूजा करायची? म्हातारा मेकॅनिक मान हलवत राहिला. मागेच, म्हणाला, दुकानाचा नियम आहे, पुढे लावून मी गाडी बाहेर सोडू शकत नाही. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. पण 'नियम' हा शब्द औटींना शंतनूनं न सांगताही कळला, आणि तो त्यांना झोंबला. नियम त्यांनी लिहिला होता, अकरा प्रेतं बघून लिहिला होता. त्यांनी दोन्ही टायर उचलून पुन्हा डिकीत ठेवले आणि म्हणाले, चल, मी लावतो.

रविवारची ती सकाळ औटींच्या अमेरिकेतल्या सहा महिन्यांतली सगळ्यात सुखाची. थंडी होती, पण ऊन स्वच्छ पडलं होतं. त्यांनी शंतनूचा जुना स्वेटर चढवला, बाह्या सारल्या, जॅक लावायची जागा बोटांनी चाचपून काढली. नट सोडवण्यापूर्वी जमिनीवर टेकलेलं चाक पायानं दाबून धरायचं, नट आडवेतिडवे आवळायचे, एकामागून एक नाही, हे ते शंतनूला समजावून सांगत होते आणि शंतनू पाना धरून उभा होता. शिवांगी नट मोजून डब्यात ठेवत होती. शेजारचे दोन कानडी गृहस्थ येऊन बघत उभे राहिले. शोभाताई वरून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, अरे, यांचा एक फोटो काढ रे, कधीचे असे हसले नाहीत. शंतनूनं फोटो काढला. पाना खांद्यावर, एक पाय नव्या टायरावर. तो प्रिंट करून फ्रिजवर लावला गेला.

मधेच आश्लेषा खाली आली होती. ती म्हणाली, "बाबा, दुकानातल्या माणसानं मागे लावायला सांगितलं होतं ना? आपण एकदा चेक करू या का?"

"आश्लेषा," औटी नट आवळता आवळता म्हणाले, "चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं गं?"

ती हसली आणि बरं म्हणाली. औटींना त्या 'बरं'चा अभिमान वाटला. सून शिकलेली आहे, पण मान ठेवते, असं त्यांनी त्या दिवशी शोभाताईंना दोनदा सांगितलं.

डिसेंबरात दोनदा बर्फ पडला. दोन्ही वेळा आश्लेषा घरी येऊन म्हणाली, बाबा, काय मस्त ग्रिप आहे, स्टार्ट करताना चाक अजिबात फिरत नाही. औटींनी त्यावर नुसती मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी खालच्या हॉलमध्ये जमणाऱ्या, मुलांकडे आलेल्या सगळ्या आईवडील मंडळींना ते कळलं होतं. चंद्रशेखर नावाच्या एका निवृत्त प्राचार्यांनी तर मुलाला घेऊन येतो, त्याला जरा सांगा, असं म्हटलं. औटींची चाल बदलली. कचरा नेतानासुद्धा त्यांचा पाय आता ठामपणे पडायला लागला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आश्लेषा शिवांगीला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेली. परत येताना भुरभुर सुरू झाली. टेकडीच्या उतारावर डावं वळण आहे, तिथे रस्त्यावर जेमतेम बोटभर बर्फ होता. आश्लेषा हळूच चालवत होती, ताशी पंचवीस मैल, हे पुढे पोलिसांनीही लिहिलं. वळणावर तिनं पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि ब्रेकला नुसता स्पर्श केला. पुढच्या चाकांनी रस्ता घट्ट धरला, आणि मागची चाकं सुटली. गाडीची मागची बाजू पुढे यायला निघाली. आश्लेषानं स्टेअरिंग फिरवलं ते कामाला आलं नाही. गाडी गरकन उलट्या दिशेला फिरून रस्त्याबाहेर गेली आणि मागच्या डाव्या दारानं एका ओकच्या झाडावर आदळली. त्या दाराशी शिवांगी बसली होती.

आश्लेषाला साधं खरचटलंही नव्हतं. शिवांगीची डावी मांडी मोडली. शस्त्रक्रिया झाली, आणि कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण वाढीच्या वयात आहे, चालण्यात थोडा फरक राहील किंवा राहणार नाही, आत्ता सांगता येत नाही.

घरात कुणी औटींना एका शब्दानं बोललं नाही. माणसाला खरं तर एवढं चांगलं वागवू नये. शंतनू आधीपेक्षा हळू बोलायला लागला. आश्लेषा त्यांच्या पानात आधी वाढायला लागली. नवी गाडी आली, ती दुकानातूनच चारही विंटर टायर घालून आली, आणि ती कुठे लावलीय हेसुद्धा त्यांना कुणी दाखवलं नाही. एके दिवशी औटींच्या लक्षात आलं की फ्रिजवरचा पाना घेतलेला फोटो दिसत नाही. लोहचुंबक तिथेच होता, त्याच्याखाली आता डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचं कार्ड होतं. शोभाताईंना विचारलं तर त्या कणीक मळत राहिल्या.

दिवसभर ते शिवांगीजवळ बसत. तिचं चित्रांचं पुस्तक धरत, प्लास्टरच्या आत खाजलं की पट्टी घालून खाजवून देत. औटी तोवर असं समजून चालले होते की नशीब वाईट, बर्फच तसा पडला. चौतीस वर्षांचा हिशेब मनात पक्का होता. एक दिवस त्यांनी तिचं मन रमावं म्हणून वहीत बस काढली, मागे दोन-दोन मिळून चार चाकं, आणि पुढचा टायर नवा का लागतो ते सांगायला लागले. शिवांगीनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"आबा, नो. डॅडी सेड, आबांसमोर टायर्सबद्दल बोलायचं नाही. यू विल फील बॅड."

त्यानंतर औटींनी बस अर्धी सोडून तिला एक मांजर काढून दिलं.

पुढच्या शनिवारी मोडलेली गाडी विम्याचे लोक उचलून नेणार होते. आत शिवांगीची छत्री आणि आश्लेषाची कागदपत्रं राहिली होती, ती आणायला शंतनू निघाला तेव्हा औटी बूट घालून दारात उभे होते. शंतनू नको म्हणाला. ते खाली जाऊन गाडीत बसले.

भंगार गाड्यांच्या त्या आवारात निळी गाडी शेवटच्या रांगेत होती. मागचं दार आत गेलेलं. औटी त्या दाराकडे गेले नाहीत. ते आधी पुढच्या चाकाजवळ बसले आणि अंगठा दाबला. मऊ, तसंच, रेघा शाबूत. मग मागे गेले. तिथला टायर त्यांनीच नोव्हेंबरात म्हटलं होतं तसा, नक्षी गेलेला, आणि थंडीनं लाकडासारखा कडक. त्यांनी एक हात पुढच्या चाकाच्या दिशेनं लांब केला आणि दुसरा मागच्या टायरावर ठेवला. घसरण्याचं सगळं गणित त्यांना त्या क्षणी तिथेच बसल्या बसल्या कळलं. इतकं साधं होतं की त्यांना लाज वाटली. नगरच्या रस्त्यावर वैरी ऊन होतं, टायर फुटायचा. इथे टायर फुटत नाही, सुटतो. मोरेश्वरला हे पावसातल्या जीपवरून कळलं होतं. त्याची त्यांनी बदली केली होती.

"शंतनू," ते बसूनच म्हणाले, "दुकानातला तो म्हातारा मागं लावा का म्हणत होता रे?"

शंतनूनं सांगितलं. पुढची चाकं थोडी घसरली तर गाडी सरळ जाते, ड्रायव्हरला कळतं, पाय काढला की सावरते. मागची घसरली तर गाडी गोल फिरते, मग कुणाच्या हातात काही राहत नाही. म्हणून चांगली जोडी नेहमी मागे. त्यानं हे एका दमात सांगितलं, कुठे अडखळला नाही, आणि औटींच्या लक्षात आलं की हे त्याला तोंडपाठ आहे.

"हे तुला कधी कळलं?"

शंतनू छत्री उघडमीट करत राहिला. ती गुलाबी, बेडकाचे डोळे असलेली छत्री होती.

"तू टायर लावलेस त्याच दिवशी," तो शेवटी म्हणाला. लहानपणी रडकुंडीला आला की तो वडिलांना अरेतुरे करायचा, तसं आज पस्तिसाव्या वर्षी झालं. मग त्यानं स्वतःला सावरलं. "संध्याकाळी नेटवर वाचलं, बाबा. आश्लेषानंही वाचलं. आम्ही बोललो त्यावर."

"मग?"

"तुम्ही इतके खूश होतात. आल्यापासून पहिल्यांदा. आम्हाला वाटलं, एक हिवाळा तर आहे, इथे काय एवढा बर्फ पडतो. एप्रिलमध्ये तुम्ही गेलात की बदलून घेऊ. आश्लेषा म्हणाली, मी हळू चालवीन, पण त्यांना नको दुखवायला."

औटी उठायला लागले. शंतनूनं पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही, गाडीच्याच टपाला धरून उठले.

"मला सांगायचं होतंस. मी बदलले असते."

"बदलले असतेत?" शंतनूचा आवाज एकदम वर गेला. "खरं सांगा, बाबा. तुम्हाला आजवर कुणाला काही सांगता आलंय?"

याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. पण दुसरी एक गोष्ट त्यांना त्याहून खोल लागली, आणि ती ते मुलाला सांगू शकले नाहीत. मुलीच्या मांडीचा दोष त्यांचा होता, तो त्यांनी डोक्यावर घेतला असता, जन्मभर वाहिला असता. चूक करणाऱ्या माणसाला निदान एवढा आधार असतो की त्याच्यावर कुणी विश्वास टाकला होता. इथे तोही नव्हता. त्या रविवारच्या उन्हात पाना धरून उभा राहिलेला मुलगा, बरं म्हणणारी सून, 'काय मस्त ग्रिप', सगळं शिवांगीच्या हाती खोटा मोबाइल द्यावा तसं होतं. अमेरिकेत त्यांचं कुणी एकदाच ऐकलं होतं, असं ते समजत होते. तेही ऐकलं नव्हतं. आणि वर्कशॉपात कुणी चुकीचं चाक बघून गप्प बसलं असतं, तर औटींनी त्याला बदलीवर सोडलं नसतं, घरी बसवलं असतं.

घरी आल्यावर औटींनी शिवांगीला छत्री दिली आणि ती तिनं पलंगावरच उघडली.

एप्रिलच्या मध्यावर त्यांचं विमान होतं. शिवांगीचं प्लास्टर निघालं होतं. ती वॉकर धरून चालायची, डावा पाय किंचित ओढत, आणि आबांना सोडायला येणार म्हणून हटून बसली होती. बर्फ कधीचा वितळला होता, झाडांना पालवी आली होती. नव्या गाडीवर मात्र अजून चार विंटर टायर तसेच होते. उन्हात ते मऊ रबर भराभर झिजतं, हे औटींना दिसत होतं. ते बोलले नाहीत.

बॅगा डिकीत गेल्या. शंतनू किल्ली हातात घेऊन घुटमळला, आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबा, जाताना जरा हवा बघून देता का?"

औटींनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. फोटो काढताना होता तोच चेहरा. आश्लेषासुद्धा उत्सुकपणे हसत होती. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. चारही टायरांना टाच मारली, कान दिला. टण्ण, टण्ण, टण्ण, टण्ण. मग ते शंतनूकडे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा टायरबद्दल खोटं बोलले.

"मागच्या उजव्यात हवा कमी आहे. चांगलीच कमी. असं घेऊन जाणं बरोबर नाही."

शंतनूनं टायराकडे बघितलंही नाही. "हो का? बरं झालं बघितलंत. वाटेत भरून घेतो हं, बाबा."

औटी मागच्या सीटवर शिवांगीशेजारी बसले, पुढे शंतनू आणि आश्लेषा. शोभाताई पलीकडच्या खिडकीशी. विमानतळाचा रस्ता तासाभराचा. पहिला पेट्रोलपंप आला, मोठा, हवेचं यंत्र रस्त्यावरून दिसत होतं. गाडी पुढे गेली. दुसरा आला, तिथे तर सिग्नलला दोन मिनिटं थांबली होती. शंतनू आश्लेषाशी पार्किंगबद्दल बोलत होता. तिसरा गेला, मग हायवे लागला.

शिवांगीनं त्यांची बाही ओढली. "आबा, इज द टायर बॅड?"

आरशात शंतनूचे डोळे वर आले.

"नाही गं बाळा," औटी म्हणाले, पुढे दोघांनाही ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात. "टायर चांगला आहे. चारही चांगले आहेत."

आरशातले डोळे पुन्हा रस्त्याकडे वळले. औटींनी शिवांगीचा डावा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, आणि विमानतळ येईपर्यंत तसाच धरून ठेवला.